आईच्या फोनमधलं हरवलेलं बारसं

आईचा फोन दुपारी दोनला आला. ही तिची पडायची वेळ, त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे उचलण्याआधीच कळलं. "अगं, बारशाचे सगळे फोटो गेले!"

भाचीचं बारसं मार्चमध्ये झालं. पणजीच्या मांडीवरचं बाळ, कानात कुर्र करणारी मी, सगळं भावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं. जूनमध्ये शेजारच्या काकूंना दाखवायला आईने गॅलरी उघडली, तर एकही फोटो नाही. कोपऱ्यावरचा मोबाइलवाला म्हणाला, "रिकव्हरी मारायला लागेल, आठशे रुपये, गॅरंटी नाही." नशीब, आईने आधी मला विचारलं.

शनिवारी सांगलीला गेले. गॅलरीची कचरापेटी रिकामी होती. मग नेट बंद केलं आणि ग्रुपमधल्या फोटोवर टिचकी मारली. लख्ख उघडला! नेट नसताना उघडतोय म्हणजे फाइल फोनमध्येच आहे, फक्त गॅलरीला दिसत नाहीये. फाइल उडाली असती तर फोटो धूसर दिसला असता किंवा सापडत नाही असा निरोप आला असता. निम्मी काळजी तिथेच मिटली.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये, चॅट्सखाली, 'मीडिया व्हिजिबिलिटी', म्हणजे आलेले फोटो गॅलरीत दाखवायची सोय, बंद होती. कोणी केली? मीच. दिवाळीत. रोजच्या सुप्रभातच्या गुलाबांनी गॅलरी भरून गेली होती म्हणून.

चालू केली आणि भावाला एक फोटो पाठवायला लावला. तो गॅलरीत आला, जुने मात्र नाहीत. इथे माझा तासभर गेला. दोनदा फोन बंद-चालू केला, गॅलरीचा कॅश, म्हणजे तिने तात्पुरती साठवलेली माहिती, साफ केला, काही फरक नाही. मग उमगलं, की ही सेटिंग पुढे येणाऱ्या फोटोंनाच लागू होते. आधी आलेले जिथे पडले तिथेच राहतात.

म्हणून फाइल मॅनेजर उघडला. अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात व्हॉट्सॲपचा फोल्डर, त्यात पुन्हा मीडिया, मग व्हॉट्सॲप इमेजेस आणि सगळ्यात तळाला 'प्रायव्हेट'. बारसं तिथे होतं! 'आयएमजी-२०२५०३१६-डब्ल्यूए००२१' अशी नावं, मधले आकडे म्हणजे तारीख. लपलेल्या फाइली दाखवायची सोय चालू केल्यावर त्यांच्याशेजारी '.नोमीडिया' नावाची शून्य बाइटची फाइल दिसली. आत काहीही नाही, पण ती ज्या फोल्डरमध्ये असेल तिथे गॅलरी पाऊल टाकत नाही.

ती उडवायचा मोह झाला, पण मग गुलाबांची अख्खी बाग परत आली असती. त्यापेक्षा बारशाचे त्रेचाळीस फोटो निवडून पिक्चर्समध्ये 'बारसं' नावाच्या नव्या फोल्डरात कॉपी केले. मूव्ह मुद्दामच केलं नाही, कारण ग्रुपमधला फोटो उघडताना व्हॉट्सॲप जुन्याच जागी बघतं.

आई मार्चपर्यंत स्क्रोल करत गेली. "नाहीत गं अजून."

"वर बघ, आजच्या तारखेत."

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत कॅमेऱ्याने टिपलेली तारीख उरत नाही, त्यामुळे गॅलरीने कॉपी केल्याचा दिवसच धरला. आईच्या फोनमध्ये बारसं आता जूनमध्ये झालंय. तिला त्याचं काही नाही. पणजीचा फोटो वॉलपेपरला लावून घेतला आणि म्हणाली, "ती गुलाबंही आण परत. तीसुद्धा तूच घालवलीस ना?"