डायरेक्ट पाइप आणि पासिंगचे चार महिने

"एक्झॉस्ट नियमानुसार नाही." आरटीओ तपासणीतल्या एवढ्या एका शेऱ्यावर माझी जीप चार महिने ताडपत्रीखाली उभी होती. नोंदणी नूतनीकरणाचे बाकीचे टप्पे इतके बिनबोभाट पार पडले की त्यांतले काही आता नीट आठवतही नाहीत. हा शेरा मात्र अजून डोक्यातून गेलेला नाही, आणि हे लिहायला बसलो तेही त्याच्यामुळेच.

गाडी २००२ सालची महिंद्रा कमांडर, २५२३ सीसीचे डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नाही. २०१७ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा पहिले नूतनीकरण विनासायास झाले होते, कारण तेव्हा गाडीखाली मूळचा सायलेन्सर होता. पुढच्याच पावसाळ्यात तो गंजून फुटला. गावातल्या मिस्त्रींनी नवा मागवण्याऐवजी डायरेक्ट पाइप टाकण्याचा सल्ला दिला, "मालक, पिकअप वाढेल आणि अॅव्हरेजही" असे सांगितले, आणि अर्ध्या तासात पुढच्या पाइपाला सरळ नळी जोडून तिचे तोंड मागच्या चाकाच्या पुढे, डाव्या बाजूला बाहेर काढले. सहाशे रुपये झाले. काढलेला सायलेन्सर मी भंगारवाल्याला किलोवर दिला. ती या प्रकरणातली माझी पहिली घोडचूक होती. तो जपून ठेवला असता, तर आतल्या जाळीच्या नळ्या पाहून पुढे कोणीही तसाच नवा बनवून दिला असता.

पिकअप वाढला असे वाटले खरे. चार वर्षे मीही सगळ्यांना तसेच सांगत होतो, आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गरजू लागली की छाती फुगत असे, हे कबूल करायला हरकत नाही. डिझेलच्या नोंदी मात्र मी वहीत ठेवतो, आणि त्या वहीत सायलेन्सर काढण्यापूर्वी व नंतर अॅव्हरेज लिटरला बारा-तेराच्या आसपासच आहे. टर्बो असलेल्या इंजिनात टर्बाइनचा पंखाच आवाजाची धार बोथट करतो. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडताच दाबाचा प्रत्येक धक्का थेट नळीत येतो, आणि मध्ये फुगायला जागा नसेल तर तो तसाच बाहेर पडतो. आमच्या आवाजाने शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी दावे ताणायच्या. धूर आणि उष्णताही फरशीच्या फटीतून आत यायची, पण त्याबद्दल घरच्यांशिवाय कोणी तक्रार केली नाही.

नोंदणीची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपत होती. अर्ज मुदतीपूर्वी साठ दिवसांच्या आत करता येतो आणि तो वेळेत केलेलाच बरा, कारण एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले होते आणि उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये वेगळे पडत. त्याशिवाय पंधरा वर्षांवरच्या खाजगी डिझेल चारचाकीला तेव्हा पाच वर्षांचा ३,५०० रुपये पर्यावरण कर होता. नमुना २५ (नूतनीकरणाचा अर्ज), विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र), चेसिस क्रमांकाची पेन्सिलीने घेतलेली छाप, ऑनलाइन भरणा हे सगळे एका दुपारी आटोपले.

पीयूसीच्या बाबतीत माझा एक गैरसमज होता, आणि तो बऱ्याच जणांचा असतो. माझ्या गाडीला डायरेक्ट पाइप असतानाच प्रमाणपत्र मिळाले होते. जुन्या डिझेल गाड्यांना धुराच्या काळेपणाची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक, म्हणजे प्रकाश शोषण्याच्या मापात मीटरमागे २.४५ आहे, आणि माझा आकडा १.९ आला होता. ते यंत्र धुराचा काळेपणा मोजते, त्याला कान नसतात. सायलेन्सर धूर गाळत नाही. धूर नोझल, पंप आणि एअर फिल्टर यांच्यावर अवलंबून असतो. त्यामुळे पीयूसी खिशात असली की एक्झॉस्टचा प्रश्न मिटला, अशा समजुतीत मी तपासणीला गेलो.

निरीक्षक साहेबांनी दिवे, वायपर, हॉर्न पाहिले, ब्रेक पाहिला आणि मग गाडी चालू करून रेस करायला सांगितले. मी पाय दिला. शेजारी रांगेतल्या रिक्षात झोपलेले मूल जागे होऊन रडू लागले आणि साहेब दोन पावले मागे सरकले. त्यांच्या पांढऱ्या विजारीवर गुडघ्याखाली काजळीचे बारीक ठिपके उमटलेले मला दिसले. त्यांना ते दिसले नसावेत अशी मी मनोमन प्रार्थना केली. त्यांनी काही न बोलता शेरा लिहिला. मी पीयूसी पुढे केली, तर "ते धुराचे आहे," एवढेच म्हणाले. नेमके काय करून आणायचे असे विचारले, तेव्हा "नियमात दिले आहे" असे उत्तर मिळाले आणि पुढची गाडी पुढे आली.

शेरा चुकीचा होता असे माझे म्हणणे नाही. माझा राग आहे तो त्या शेऱ्याच्या मोघमपणावर. मी त्याचा सरळ अर्थ लावला की सायलेन्सर नाही, तर सायलेन्सर लावा. तालुक्याच्या गावी एका वेल्डरकडून पत्र्याचा गोल डबा करून नळीच्या मधोमध बसवला, १,२०० रुपये दिले, तपासणीचे शुल्क पुन्हा भरले आणि पुढची तारीख घेतली, जी पाच आठवड्यांनंतरची मिळाली. तेवढा काळ गाडी रस्त्यावर काढता येत नव्हती, कारण नोंदणीची मुदत संपलेली होती. गवत आणि खत दुसऱ्याच्या टेम्पोने आणले आणि प्रत्येक फेरीचे भाडे मी त्या शेऱ्याच्या नावावर मांडत गेलो.

दुसऱ्या वेळी निरीक्षक दुसरे होते. त्यांनी वाकून डबा पाहिला, बोटाने टकटक करून पाहिला, गाडीला वळसा घातला आणि अक्षरशः तोच शेरा लिहिला. मी अवाक झालो. सायलेन्सर तर लावला होता! खिडकीवर विचारले, तर साहेबांना विचारा म्हणाले. साहेबांकडे गेलो, तर ते दौऱ्यावर निघाले होते. एका एजंटाने "काका, कशाला फिरताय, करून देतो" असे सांगितले आणि रक्कमही सांगितली. ती रक्कम ऐकून, खरे म्हणजे त्याहूनही अधिक हट्टाने, मी नाही म्हटले. या हट्टाचा मला आजही अभिमान आहे, जरी त्यापायी आणखी दोन महिने गेले.

मग मी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ काढून स्वतः वाचले. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवे होते. नियम १२० सायलेन्सरचा आहे. प्रसरणाची पोकळी किंवा अन्य उपाय वापरून आवाज शक्य तितका कमी करणारे साधन गाडीला असले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. माझ्या डब्यात पोकळी होती, पण नळी आत अखंड आरपार गेलेली होती; वेल्डरने तिला एक भोकही पाडलेले नव्हते. डबा म्हणजे निव्वळ टोपी होती. दुसरी गोष्ट नियम ११२ मध्ये सापडली. एक्झॉस्टचा वायू खाली किंवा गाडीच्या डाव्या बाजूला सोडायचा नाही. तो वर, मागे किंवा उजवीकडे गेला पाहिजे. आपल्याकडे डावीकडून चालायचे असल्याने डाव्या अंगाला पायी जाणारी माणसे असतात, हे लक्षात घेतले की नियम पटतो. माझ्या नळीचे तोंड चार वर्षे डावीकडेच होते. म्हणजे एकाच शेऱ्यात दोन दोष होते, आणि "तोंड मागे घ्या, डब्यात जाळी घाला" एवढे कोणी लिहिले असते तर माझा एक हेलपाटा आणि गाडीचे निम्मे दिवस वाचले असते. आवाज मोजण्याचे यंत्रही मला तिथे कुठे दिसले नाही. साहेबांचा कान हेच माप.

जाता जाता सांगतो, रस्त्यावर पकडले गेलो असतो तर प्रकरण जास्त महागात पडले असते. आवाज आणि धुराच्या मानकांच्या उल्लंघनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्या वेळीही १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते, आणि परवानाही तीन महिन्यांसाठी जातो.

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सायलेन्सरचेच काम करणारे एक वयस्क कारागीर भेटले. गाडी नेता येत नव्हती, म्हणून नळीचा व्यास, गाडीखालची मोकळी जागा आणि हँगरची अंतरे दोरीने मोजून कागदावर नेली होती. त्यांनी कापून ठेवलेला एक जुना सायलेन्सर दाखवला. आत दोन आडव्या पडद्यांनी तीन खोल्या केलेल्या, आणि भोके पाडलेल्या नळ्या एका खोलीतून दुसरीत अशा, की वायूला सरळ जाताच येऊ नये. मी काचेची लोकर भरायला सांगितली, तर ते हसले आणि डिझेलच्या काजळीने ती वर्षभरात गच्च होईल म्हणून नाही म्हणाले. तसाच नवा त्यांनी बनवून दिला, ३,८०० रुपये झाले. मागच्या बंपरखालून बाहेर पडणारी नळी, रबरी हँगर आणि फ्लँजचे (नळ्यांच्या जोडाचे) नवे गॅस्केट यांसह मिस्त्रींनी तो घरीच बसवला. गॅस्केट जुने ठेवू नका; तिथून जरा जरी गळती असली तरी फटफट आवाज येतो आणि सायलेन्सर चांगला असूनही वाईट ठरतो.

तिसऱ्या तपासणीला डिसेंबर उजाडला. पहिलेच साहेब होते. मी इंजिन गरम करून ठेवले होते, दोन्ही नियमांची छापील प्रत डॅशबोर्डवर ठेवली होती आणि मनात भाषणही तयार होते. त्यांनी रेस करायला सांगितले, मागे जाऊन नळीचे तोंड पाहिले, मान हलवली आणि सही केली. भाषण तसेच राहिले. दहा मिनिटेही लागली नाहीत.

परतीच्या वाटेवर घाटात काचा उघड्या ठेवून बायकोशी साध्या आवाजात बोलता येत होते. ती म्हणाली, मागून कसली तरी घरघर येते आहे. डिफरन्शियलची (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याची) आहे, आणि बहुधा चार वर्षांपासून असावी. संक्रांतीनंतर ते काम काढले आहे.