सायलेन्सरची खडखड

गाडीला बाहेरून घेतलेला स्टेनलेस स्टीलचा सायलेन्सर बसवल्यापासून साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना खालून पत्र्याची खडखड ऐकू येई, आणि विशेष म्हणजे सकाळी इंजिन थंड असताना ती अजिबात नसे. कारण उष्णतेत होते: स्टेनलेस स्टीलचा एक मीटर लांबीचा पाइप तापमान ३०० अंशांनी वाढले की सुमारे ५ मिलिमीटर लांबतो, आणि माझ्या गाडीत पाइप व उष्णतारोधक पत्रा यांच्यात जेमतेम तेवढेच अंतर होते.

काहींनी तो पत्राच काढून टाकण्याचा सल्ला दिला, तो मला मुळीच पटला नाही. गाडीचा तळ आणि जवळच्या वायरी त्याच्यामुळेच सुरक्षित राहतात. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) नीट टेकवून, पाइप पूर्ण थंड झाल्यावर मी सर्व क्लॅम्प सैल केले, पाइप टांगून धरणारी, लोंबलेली दोन रबरे बदलली, पाइप किंचित फिरवून पत्र्यापासून सुमारे १५ मिलिमीटर दूर घेतला आणि इंजिनाकडून मागे येत क्लॅम्प क्रमाने आवळले. एकच क्लॅम्प आधी घट्ट केला, तर पाइपात ताण राहतो आणि तो पुन्हा पत्र्याकडे सरकतो. त्याच संध्याकाळी यवतेश्वरपर्यंत जाऊन आलो. खडखड पूर्ण थांबली होती.