कोलाज आधी उलटं धरून बघा

कोलाज, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, समोर आलं की बहुतेक जण कात्रणं वाचत सुटतात. ही जुनी नोट, हे जाहिरातीतले ओठ, ही लग्नपत्रिका. मग सगळ्याची बेरीज करून ‘अर्थ’ काढायचा. चूक इथेच होते. छापील अक्षरं आणि चेहरे नजर लगेच ओढून घेतात, त्यामुळे मांडणी दिसायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

फोनवर फोटो काढा आणि उलटा धरा. अक्षरं वाचवत नाहीत, चेहऱ्यांची पकड ढिली होते आणि कोणते तुकडे एकमेकांशी बांधलेत ते कळतं: जवळचे, सारख्या रंगाचे, एका रेषेत चालणारे. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ मध्ये नजर तुकड्यांचे गट कसे पाडते याचे हेच नियम मांडले होते.

आता कडा. एक कड दुसरीला जाऊन थांबते तिथे इंग्रजी टीसारखा सांधा होतो. थांबलेली कड डोळा मागे सरकवतो आणि झाकलेला भाग मनानेच पुरा करतो. करून बघायचं असेल तर काळ्या कागदाच्या ५ सेंमी व्यासाच्या तीन चकत्या कापा, प्रत्येकीतून ६० अंशांची फाक काढा. १० सेंमी बाजूच्या समभुज त्रिकोणाच्या टोकांवर चकत्यांचे मध्यबिंदू येतील आणि फाका आत बघतील अशा त्या पांढऱ्या कागदावर चिकटवा. मधे न कापलेला, पार्श्वभूमीहून पांढरा त्रिकोण दिसेल. इटालियन मानसशास्त्रज्ञ गाएतानो कानिझ्सा यांची ही १९५५ ची आकृती. फाकांच्या कडा एका रेषेत नसतील तर त्रिकोण मोडतो. त्याच चकत्या २० सेंमी अंतरावर ठेवल्या तर तो फिका पडतो. चांगला कोलाजकार नेमका या सीमेवर खेळतो.

फाडलेल्या कागदाचं गणित वेगळं. मासिकाचं पान फाडलं की एका तुकड्याच्या छापील बाजूला पांढरी किनार निघते. ती किनार ज्याची, तो तुकडा पुढे आलेला वाटतो. नाशकात मेन रोड, भद्रकालीकडच्या जुन्या भिंतींवर खळीने एकावर एक डकवलेली पोस्टरं फाटतात, तिथे हे फुकटात बघायला मिळतं. (फ्लेक्स फाटला तर नुसता लोंबतो.) फ्रान्समध्ये रेमाँ एन्स आणि जाक विलेग्ले या कलाकारांनी १९४९ पासून अशी फाटकी पोस्टरंच चित्र म्हणून उचलून आणली.

हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. लख्ख दिसणारा भाग साधारण तेवढाच, दोनेक अंशांचा. दोन मीटरवरून बघताना चित्रावर तो जेमतेम ७ सेंमी भरतो. म्हणून आधी दोन-तीन मीटर लांब उभं राहून, डोळे किलकिले करून बघा. मग जवळ जा. फोनच्या फोटोत कागदाची जाडी हरवते. चित्र आपलंच असेल तर टॉर्च बाजूने तिरपा धरा, थर सावल्यांनी वेगळे होतात. मात्र फेविकॉल जास्त झाल्याने उठलेला फुगाही तशीच सावली टाकतो. तिच्यात आशय शोधू नका.

पिकासोच्या १९१२ च्या २९ × ३७ सेंमी चित्रात वेताच्या खुर्चीची जाळी दिसते. ती मेणकापडावरची छपाई आहे, पण भोवतीचा दोर खरा. जाळीला डोळा फसतो, दोर त्याला जागा करतो; दोन्ही एकदम चालू ठेवणं हेच त्या चित्राचं वाचन.

चित्रकार विनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५६-५७ च्या सुमारास गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून कोलाज केले. ते बघताना तपशील शोधू नका, नुसत्या कडेकडेने नजर फिरवा.