आमची वाटचाल : गणपती पेठ ते पुण्यातला रॅक

2003 साली सांगलीच्या गणपती पेठेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन आम्ही सुरुवात केली. हळद, गूळ, बेदाण्याच्या अडत्यांना टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून द्यायचं, शेतकऱ्यांच्या पट्ट्या छापायची सोय करायची, एवढंच काम. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि प्रत्येकाला आपला हिशेब कुठूनही उघडायला हवा झाला. तेव्हा दोन सर्व्हर घेतले आणि तासगाव, विटा, आटपाडीची गिऱ्हाइकं रिमोट डेस्कटॉपवर घेतली, म्हणजे वही आमच्या सर्व्हरवर आणि ती उघडायची त्यांनी आपल्या दुकानातून. मधली वर्षं बरी गेली, त्यांत लिहिण्यासारखं काही नाही.

2005 च्या पुरात आमचा जिना बुडाला होता, वर थेंब आला नव्हता. त्यामुळे पहिला मजला सुरक्षित, असं सगळी पेठच धरून चालली होती. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट, म्हणजे काय ते सांगलीकराला वेगळं सांगायला नको. सर्व्हर तेव्हाही कोरडेच राहिले. पण जनरेटर खाली पार्किंगमध्ये होता, तो पाण्यात. पेठेतली वीज आधीच बंद केलेली. यूपीएसच्या बॅटऱ्या संपल्या आणि फायबरही गेली.

खरी थट्टा पुढं आहे. त्याच दिवसांत जत-आटपाडीकडे प्यायच्या पाण्याचे टँकर चालू होते. तिथल्या गिऱ्हाइकाच्या दुकानात पावसाचा थेंब नाही, पण त्याला बिल फाडता येईना, कारण त्याची वही आमच्या खोलीत अडकलेली. फोन घेता घेता माझा घसा बसला. बोटी माणसं काढत होत्या, त्यांत यंत्रं ठेवा म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. पाणी कमरेपर्यंत उतरल्यावर पोरांनी दोन्ही सर्व्हर प्लॅस्टिकमध्ये बांधून डोक्यावर बाहेर काढले.

मार्केट यार्डातले एक जुने हळदीचे अडते आहेत, आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांनी कुपवाड एमआयडीसीतलं गोदाम उघडून दिलं, जनरेटरला डिझेल स्वतःच्या पैशानं भरलं आणि म्हणाले, “आधी त्या तासगाववाल्यांचं चालू कर, माझं नंतर बघ.” हळदीच्या पोत्यांवर फळी टाकून सर्व्हर मांडले. पुढं कितीतरी दिवस ब्लोअर मारला की पंख्यातून पिवळी धूळ उडायची. भाडं विचारलं तर आबांनी शिव्या घातल्या.

आणि हे चालू असताना शहरातल्याच एका गृहस्थानं, जो आमच्याकडे केबल ओढायला शिकला, आमच्या गिऱ्हाइकांना फोन लावले. “त्यांचं सगळं वाहून गेलं, माझ्या क्लाउडवर या.” बेदाण्याची चांगली चांगली नावं त्यानं नेली. ते ‘क्लाउड’ म्हणजे त्यानं दुसऱ्या कुणाकडून महिन्यानं घेतलेली जागा होती. वर्षभरानं एका व्यापाऱ्यानं आपला डेटा परत मागितला तर हातात पीडीएफचा गठ्ठा पडला, टॅलीचं फोल्डर नाहीच. तो व्यापारी आमच्याकडे परत आला. बाकीचे आले नाहीत, आणि समोर दिसले की अजून नजर चुकवतात.

तेव्हाच ठरवलं की यंत्र आपलं, डिस्क आपली, लायसन्स आपलं. फक्त ती मांडायची जागा कृष्णाकाठी नको. पुण्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये कोलोकेशन घेतलं, म्हणजे इमारत, वीज आणि थंड हवा त्यांची, रॅकमध्ये (सर्व्हर मांडायच्या लोखंडी कपाटात) यंत्रं आपली. तिथं दोन वेगळ्या वाटांनी वीज येते, मागं जनरेटरची फळी आणि हवा अठरा ते सत्तावीस अंशांत. आग लागली तर पाणी नाही, गॅस सुटतो. इंटरनेटच्या दोन कंपन्यांच्या लाइनी एकाच इमारतीत मिळतात. त्यांच्या कागदावर 99.982 टक्के वेळ चालू असं लिहिलंय, म्हणजे वर्षाला दीड तासाच्या आसपास बंद. आमच्या पेठेत तेवढी लाइट एका वळवात जायची. हे सगळं सांगलीत स्वतः उभं करायचं तर मला यार्डातला गाळा विकावा लागला असता.

दुसरा फायदा नंतर कळला. आमची काही गिऱ्हाइकं प्रायव्हेट लिमिटेड आहेत. ऑगस्ट 2022 च्या नियमबदलानं कंपनीच्या संगणकावरच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणं आलं. ऑडिटरनं सर्व्हर कुठाय विचारलं की आम्ही इमारत, मजला आणि रॅकचा नंबर सांगतो. क्लाउडवाल्याला हे सांगताना बघा कसा घाम फुटतो.

नव्या पोरांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. रॅक भरताना जड माल खाली घ्या, यूपीएस वर टांगू नका. केज नट (रॅकच्या चौकोनी भोकात बसणारे नट) स्क्रू ड्रायव्हरनं बसवू नका, बोट फाटतं. त्याचा पोलादी हूक मिळतो, आमचा पहिल्या दिवसापासूनचा अजून पेटीत आहे. रिकाम्या जागेवर ब्लँकिंग पॅनेल, म्हणजे झाकायची कोरी पट्टी, लावा, नाहीतर मागची गरम हवा फिरून पुढं येते. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर एक ए फीडवर आणि एक बी फीडवर, म्हणजे विजेच्या दोन वेगळ्या वाटांवर. दोन्ही एकाच पट्टीत खुपसलेले मी मोठ्या मोठ्या कंपन्यांच्या रॅकमध्ये पाहिलेत. करार करताना भाड्यापेक्षा विजेचा दर, क्रॉस-कनेक्टचे (आपल्या रॅकपासून इंटरनेट कंपनीपर्यंतच्या तारेचे) पैसे आणि रात्री दोनला त्यांच्या माणसानं बटण दाबलं तर त्याचं बिल किती, हे आधी विचारा. एक जादा डिस्क रॅकमध्येच ठेवून या. आणि बॅकअप त्याच इमारतीत ठेवू नका. आमचा रोज रात्री कुपवाडला येतो, आबांच्याच गोदामात, आता पोत्यांपासून लांब.

जुलै 2021 ला पेठेत पुन्हा पाणी आलं. आमचं एकही बिल थांबलं नाही. ही बातमी कुणी कुणाला फोन करून सांगितली नाही, म्हणून इथं लिहितोय.

गेल्या दिवाळीनंतर त्याच गृहस्थाचा निरोप आला, आमच्या रॅकमध्ये चार यू (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप) जागा मिळेल का म्हणून. आबा म्हणाले, दे. दिली. दर इतरांना तोच, फक्त तीन महिन्यांचं भाडं आगाऊ.