हिवाळ्यापुरती जिप्सी

घेतली एकदाची. १९९४ ची मारुती जिप्सी, वाइडट्रॅक (चाकांमधलं अंतर वाढवलेली), ९७० सीसी, चार गिअर, वर ताडपत्रीचं हूड. एक लाख पंच्याऐंशी हजार. दिवाळी झाली त्याच आठवड्यात काटोलकडून चालवत आणली. अंगणात उभी केली तर मायनं दोन चकरा मारून पाहिली आणि म्हणाली, "चांगली गाडी इकून हे भंगार कायले आनलं बावा?" चांगली गाडी विकलेली नाही, ती छपरीत उभी आहे. पण मायचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचं उत्तर.

आपल्या वऱ्हाडात जुन्या गाडीचा वैरी थंडी नाही, मे महिना आहे. पारा ४५ वर गेला की कार्ब्युरेटरवाल्या गाडीत टाकीतून इंजिनाजवळच्या फ्युएल पंपापर्यंत पोचता पोचता पेट्रोलची वाफ होते, गाडी चौकात बंद पडते, आणि ओलं फडकं टाकून बसायचं. पावसाळ्यात हूड गळतं. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तीस वर्षांची बिनएसीची गाडी रोज चालवावी तर याच चार महिन्यांत. आणि नेमकं याच दिवसांत आमचं काम अंगावर असतं. आंबिया बहाराचा संत्रा तुटतो, गहू-हरभऱ्याचं ओलित चालू असतं, आणि लाईन येते रात्री. घरून वाडीपर्यंत पाच किलोमीटर पांदण, वाडीवरून वरूड सोळा किलोमीटर डांबरी, मग परत. मागचे आठ हिवाळे हे मोटरसायकलवर केलं. रात्री दोनला मोटर सुरू करायला जाताना कान आहेत की गळून पडले ते चाचपून पाहायचो.

शोधताना डोक्यात तीन गाड्या होत्या. मारुतीची एस्टीम मनातून हवी होती, पण पांदणीत तिचं पोट घासलं असतं. महिंद्राच्या एमएम ५४० जीप दोन पाहिल्या. दोन्हींचं इंजिन बरं, बाकी सगळं वेल्डिंग. दिल्लीकडच्या जिप्सी स्वस्त दिसतात, कारण तिकडे पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर चालू देत नाहीत. पण तिकडची एनओसी, इकडचा रोड टॅक्स, नवीन नंबर, त्यात आधीच्या कागदांची खात्री नाही. तो नाद सोडला. ही पहिल्यापासून महाराष्ट्रातली आणि पासिंग २०२९ पर्यंत. मागचं नूतनीकरण पाच हजारांत झालं होतं. वीस वर्षांवरच्या चारचाकीला आता दहा हजार लागतात, म्हणजे २०२९ ची तयारी आतापासून.

पाहायला गेलो तेव्हा मालकाला फोनवरच सांगितलं होतं, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला. कोमट! "सकाळी जरा दूध आनाले गेल्तो," म्हणाला. दूध आणायला गेला की आधी गरम करून ठेवली, देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला न सांगता पुन्हा गेलो. थंड इंजिनाला पाच वेळा सेल्फ मारावा लागला, मग उचलली. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला. हिवाळ्यात त्याला घाबरू नका, ती पाण्याची वाफ असते आणि दहा मिनिटांत जाते. निळा धूर, म्हणजे ऑइल जळण्याचा, दिसला असता तर मी तिथूनच फिरलो असतो. तसंच ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर लगेच हेड गॅस्केट (इंजिनाच्या जोडातलं पॅकिंग) गेलं म्हणू नये. थोडंथोडं चालून थंड पडणाऱ्या गाडीत ओलावा असा जमतो. रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग आहे का, पाणी कमी होतं का, हे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. इथे पाणी स्वच्छ होतं.

चुंबक घेऊन सगळ्या अंगावर फिरवला. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत चिकटला नाही, म्हणजे तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली. चटया उचलून पत्रा पाहिला, मग खाली झोपून पाट्यांचे हँगर चेसिसला जिथे धरतात तिथे स्क्रू ड्रायव्हरनं टोचून पाहिलं. सगळं टणक. आपली हवा कोरडी, एवढं एक आपल्या बाजूनं आहे. कोकणातली जिप्सी असती तर स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला असता.

आता मुख्य गोष्ट. घरी आणल्यावर पहिल्या थंडीच्या पहाटे ती सुरूच होईना. चोकचा (थंड इंजिनाला हवा कमी करून पेट्रोल जास्त देणारा) दट्ट्या ओढला तर आख्खा हातात आला, मागे वायरच नाही. वरूडच्या मिस्त्रीला दाखवलं तर तो हसला. "भाऊ, आपल्याकडे चोक कायले लागते? मीच काढतो सगळ्यायचे." मग एकेक उघडत गेलो आणि लक्षात आलं, की या गाडीतून तीस उन्हाळ्यांनी थंडीचे सगळे पार्ट काढून घेतले आहेत. चोकची वायर नाही. थर्मोस्टॅट नाही. कुण्या मालकानं हौसेनं हीटर बसवला होता, त्याच्या दोन्ही नळ्या पुढच्या कुणीतरी एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. चोरी नाही ही. प्रत्येकानं आपापल्या मे महिन्याचा उपाय केला होता. माझं काम म्हणजे ते उलट्या क्रमानं परत लावणं.

चोकची वायर ऐंशी रुपयांची, जरा लांब होती, कापून बसवली. ज्यांनी कधी चोकची गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दट्ट्या पूर्ण ओढायचा, ॲक्सिलेटरवर पाय ठेवायचा नाही, सेल्फ मारायचा. उचलली की अर्ध्या मिनिटात निम्मा आत, आणि गाडी रेस धरू लागली की पूर्ण आत. मी पहिल्या आठवड्यात निम्मा आत ढकलायचा विसरलो आणि तसाच वाडीपर्यंत गेलो. संध्याकाळी प्लग काढले तर चारही काजळीनं काळे ठिक्कर, पेट्रोलचा वास.

थर्मोस्टॅटची गोष्ट जास्त सांगण्यासारखी आहे, कारण तो काढणं हा आपल्याकडे जवळजवळ धर्मच आहे. गाडी गरम होते म्हटलं की मिस्त्री पहिला हात तिथे घालतो. हा एक साधा व्हॉल्व्ह. आतल्या मेणाच्या डबीमुळे ठरावीक तापमानाला उघडतो, तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर तापतं. तो नसला की पाणी पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमधून फिरतं. मेमध्ये ते खपून जातं. पण पहाटे पारा दहाच्या खाली असताना सोळा किलोमीटर गेलो तरी काटा तळालाच चिकटलेला. थंड सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोल नीट जळत नाही, ओघळून ऑइलमध्ये उतरतं, चोक लांबतो, आणि ॲव्हरेज पडतं. स्पीडोमीटरची केबल तुटलेली होती (मीटर ६१,२०४ वर थांबलेलं, खरं किती ते कुणाला माहीत), ती बदलून टाकीभर मोजलं तर साडेआठ आलं.

नवीन थर्मोस्टॅट ८२ अंशांचा मागवला. बसवायच्या आधी तपासावा म्हणून स्वयंपाकघरातला एक गंज, म्हणजे पातेलं, घेतला, पाणी ठेवलं, दोरीनं थर्मोस्टॅट लोंबकळवला आणि मल्टिमीटरची तापमानाची तार पाण्यात सोडली. बायको मागून म्हणाली, "त्या गंजात उद्या भाजी करायची आहे, लक्षात ठेवा." ७५ ला काही नाही, ८० ला काही नाही, ८३ ला चीर दिसली, ९० च्या पुढे पूर्ण उघडला. त्या गंजात भाजी झाली नाही. तो आता माझा झाला आहे.

बसवताना थर्मोस्टॅटच्या घराचे (हाउसिंगचे) दोन बोल्ट गंजून जाम. एक सरळ निघाला, दुसरा मोडला. ड्रिल करून नवीन आटे पाडायला मिस्त्रीनं अर्धा दिवस घेतला आणि वर ऐकवलं, "काढाले पाच मिनिटं लागले होते, लावाले दिवस गेला." पाण्याबरोबर कूलंट भरलं, हवा निघेस्तोवर रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे चौथ्या किलोमीटरला काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. पुढची टाकी साडेदहा, त्यानंतरची अकरा. हीटरच्या नळ्याही त्याच दिवशी मोकळ्या करून जोडल्या. पहिल्यांदा पंखा लावला तेव्हा जुनी धूळ, उंदराच्या लेंड्या आणि नंतर गरम हवा, या क्रमानं बाहेर आलं.

अर्थात ताडपत्रीच्या हूडमध्ये हीटर म्हणजे उघड्या खळ्यात शेकोटी. गुडघे भाजतात, मान गारठते. वरूडला ट्रॉलीच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून बाजूच्या पडद्यांना दुहेरी पट्टी शिवून घेतली, तीनशे रुपये. मायनं न मागता एक वाकळ मागच्या सीटवर टाकली आहे. ती मी काढत नाही.

लाईटचं काम मात्र प्रत्येकानं करावं. सिंभोऱ्याच्या धरणाकडे जाताना सकाळी धुकं असं धरतं की समोरची कापसानं भरलेली ट्रॉली वीस फुटांवर आल्यावर कळते. तिला मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, वर कापूस दोन्हीकडे बाहेर आलेला. माझे हेडलाइट कंदिलासारखे होते. बल्बपाशी व्होल्टेज मोजलं तर १०.९. जुन्या गाडीत सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो आणि वाटेतच व्होल्टेज पडतं. दोन रिले टाकून बॅटरीवरून थेट जाड वायर आणली, बल्ब तेच ठेवले, १२.८ झालं. त्याच झटक्यात इंजिन ते चेसिसची अर्थिंगची पट्टी काढून पॉलिश पेपरनं घासली. आधी सेल्फ मारताना बॅटरी साडेआठ व्होल्टवर लोळण घ्यायची, आता दहाच्या खाली जात नाही. मी नवीन बॅटरीचे पैसे काढून ठेवले होते, ते टायरकडे वळवले.

पेट्रोलचं थोडक्यात. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालंच मिळतं, आणि १९९४ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. टाकीकडची नळी दाबून पाहिली तर बोटाला काळं लागलं. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या, फ्युएल पंपाचा पडदा बदलला. इथेनॉल थंडीत सहज वाफ होत नाही, त्यामुळे पहाटे चोक आधीपेक्षा जास्त वेळ लागतो, हे गृहीत धरा. गाडी आठवडाभर उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत ओलावा धरतो.

फोर व्हील अजून एकदाच लागला. डिसेंबरात शेजाऱ्याचं ओलिताचं पाणी धुरा फोडून पांदणीत आलं आणि रात्रीतून दोनशे फूट काळी माती लोण्यासारखी झाली. सकाळी संत्र्याच्या क्रेट भरलेला पिकअप त्यात एक्सलपर्यंत बसला. मी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब (चाक एक्सलला जोडणारे खटके) हातानं लॉक केले, लो रेंज टाकली आणि टोचन लावून हळूहळू मागे ओढला. पिकअपवाला म्हणाला, "पोट्टी लहान हाय पन जिद्दी हाय." तेव्हापासून आठवड्यात एक तरी फोन येतो. डांबरीवर आल्यावर लिव्हर परत टू व्हीलवर घ्यायचा आणि हब आठवणीनं मोकळे करायचे. या गाडीत पुढच्या-मागच्या एक्सलच्या वेगातला फरक पचवायला मध्ये काही नाही, कोरड्या रस्त्यावर वळलं की सगळं ताणात जातं. मी एकदा विसरलो आणि वरूडच्या बसस्टँडसमोर वळताना खालून असा कडकड आवाज आला, की पानठेल्यावरचे लोक उठून उभे राहिले.

जानेवारीत एका रविवारी परतवाड्यावरून चिखलदऱ्याला नेली. सुमारे अकराशे मीटर उंचीपर्यंतची चढण, अर्धा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, काटा मध्याच्या जरासा वर गेला आणि तिथेच राहिला. वर गारठा असा, की चहाचा कप हातात धरून ठेवायलाच घेतला. उतरताना मात्र घाम फुटला. ब्रेकला बूस्टर नाही, पाय दाबावा तेव्हा गाडी विचार करते आणि मग थांबते. गिअरवरच उतरवली.

कागद झाले. फॉर्म २९ आणि ३० देऊन गाडी नावावर आली, नवी नंबर प्लेट ७४५ अधिक जीएसटी, थर्ड पार्टी विमा काढला.

बाकी राहिलेलं. दुसऱ्या गिअरमधून पाय काढला की कधीकधी गिअर बाहेर उडी मारतो, तो गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय कळणार नाही. पुढच्या डाव्या चाकामागच्या गोळ्यातून ग्रीसमिश्रित तेल गळतं. सील मागवले आहेत, या महिन्यात करीन. आणि रेडिएटर. वरून पाणी सोडलं तर खालून धार बारीक येते, म्हणजे निम्म्या नळ्या बुजलेल्या. ज्या कारणासाठी कुणीतरी थर्मोस्टॅट काढला होता ते कारण अजून तिथेच बसलं आहे. मिस्त्रीनं परवा विचारलं, "होळीले काढून टाकू काय मंग तो?" मी नाही म्हणालो. फेब्रुवारीत रेडिएटर उतरवून अमरावतीला रॉड मारायला (नळ्यांत सळई घालून साफ करायला) नेणार आहे. निघाला स्वच्छ तर ठीक, नाहीतर नवीन कोअर. भाव कुणाला माहीत असला तर कळवा, मला चार हजार सांगितले आहेत आणि ते मला जास्त वाटतात.