आमची वाटचाल : सांबाचा डबा, दोन रजिस्ट्री की आणि प्रेसवाले काका

आमची सुरुवात म्हणजे एक जुना डबा, त्यावर लिनक्स आणि सांबा 3, म्हणजे विंडोजच्या मशीनना फाइल आणि लॉगिन पुरवणारं फुकटचं सॉफ्टवेअर. मी आणि पार्टनर, दोघंच. छोट्या ऑफिसांना सर्व्हरचं लायसन्स झेपायचं नाही, म्हणून आम्ही सांबालाच जुन्या विंडोज एनटी 4 छापाचा डोमेन कंट्रोलर (सगळ्या मशीनची लॉगिन एका जागेवरून सांभाळणारा सर्व्हर) करून द्यायचो, विंडोज एक्सपीच्या मशीन गपगुमान जॉइन व्हायच्या, लॉगिन स्क्रिप्टने ड्राइव्ह मॅप, की आम्ही मोकळे. पार्टनरला तर कॉन्फिग फाइल तोंडपाठ होती.

मग 2009 च्या ऑक्टोबरात विंडोज 7 आलं आणि डोमेन जॉइन करायला गेलं की ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (एनटी 4 नंतरची मायक्रोसॉफ्टची नवी डोमेन पद्धत) कंट्रोलर सापडत नाही म्हणायला लागलं. असणार कुठून, आमच्याकडे ॲक्टिव्ह डिरेक्टरी होतीच कुठे! उपाय असा, सांबा नवीन करायचा, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, लॅनमन वर्कस्टेशनच्या पॅरामीटर्समध्ये दोन की टाकायच्या, डोमेन कंपॅटिबिलिटी मोड 1 आणि डीएनएस नेम रिझोल्यूशन रिक्वायर्ड 0, रीबूट, जॉइन. जॉइन झाल्यावरही प्रायमरी डीएनएस नाव बदलता आलं नाही असा एक एरर यायचा, तो नुसता ओके करायचा, पण गिऱ्हाईक मागे उभं असलं की त्याचा चेहरा उतरायचा. त्या दोन कीची फाइल असलेला पेन ड्राइव्ह माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यातच असायचा.

पुढची सात-आठ वर्षं बरी गेली.

2017 च्या मे मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला आणि तो ज्यातून पसरला ते एसएमबी 1, म्हणजे नेटवर्कवर फाइल द्यायघ्यायची विंडोजची जुनी भाषा, हे नाव पेपरवाल्यांनाही कळलं. त्याच वर्षाअखेरीस विंडोज 10 चं 1709 व्हर्जन आलं, त्याचं पुढे येतंच. आमची सगळी डोमेन एसएमबी 1 वर चालणारी, आणि नेमका तेव्हाच आमच्या धंद्यातला एक जण, नाव घेत नाही, गिऱ्हाईकांच्या दारोदार जाऊन सांगायला लागला की यांनी तुम्हाला फुकटातला माल बसवलाय, व्हायरसला दार उघडं ठेवलंय. आता एसएमबी 1 घातक आहे हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, मी कबूल करतो. पण त्याने स्वतः बसवलेले सर्व्हर कुठले? विंडोज सर्व्हर 2003! ज्याला एसएमबी 1 सोडून दुसरी भाषाच येत नाही आणि ज्याचा सपोर्ट जुलै 2015 मध्येच संपला होता. हे सांगायला गेलो तर लोकांना वाटायचं मी जळतोय. सहा महिन्यांत अर्ध्याहून जास्त एएमसी (देखभालीचे वार्षिक करार) गेल्या. पार्टनरने नोकरी धरली, मी त्याला दोष देत नाही, पण त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही.

राहिले ते प्रेसवाले, म्हणजे छापखान्याचे, काका. त्यांनी तीन नव्या मशीन घेतल्या, तिन्ही एकाच मॉडेलच्या, तिन्हीवर 1709 प्रो. दोन जॉइन झाल्या, तिसरी काही केल्या होईना. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, दोन्ही की तीनदा तपासल्या. काका म्हणाले, "अरे, ही काउंटरवर महिनाभर नुसती बिलं करायला वापरली रे, बाकीच्या दोन खोक्यातच होत्या." तिथेच ट्यूब पेटली. त्या व्हर्जनात एसएमबी 1 चा क्लायंट चालू मशीनवर एकूण 15 दिवस वापरात आला नाही की विंडोज तो आपणहून काढून टाकतं! विंडोज फीचर्समधून परत चालू केला, रीबूट, जॉइन. पण त्याच रात्री ठरवलं की हे ठिगळ आता बास.

सांबा 4 मध्ये क्लासिक अपग्रेड आहे, जुन्या डोमेनची ॲक्टिव्ह डिरेक्टरी करून देतो, डोमेनचा एसआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, तोच राहतो, त्यामुळे मशीन परत जॉइन कराव्या लागत नाहीत, प्रोफाइलही तशीच. मात्र एकदा का क्लायंटने ॲक्टिव्ह डिरेक्टरी पाहिली की तो जुन्या डोमेनकडे परत जात नाही, म्हणून चाचणी नेहमी वेगळ्या स्विचवर घ्या, चालू नेटवर्कवर हौस नको. मी वेगळ्या स्विचवर घेतली आणि पहिल्याच फटक्यात आपटलो, काकांकडे 'डिझाइन' नावाचा युजर होता आणि 'डिझाइन' नावाचाच ग्रुप, नवीन डिरेक्टरीत ते चालत नाही. ग्रुपचं नाव बदललं तेव्हा पुढे सरकलं. शनिवारी रात्री खरं स्विच केलं, कोणाला न सांगता पार्टनर पण आला होता, डीएचसीपीत (मशीनना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सेवा) डीएनएस (नावावरून मशीन शोधून देणारा) म्हणून नवीन कंट्रोलरचा पत्ता त्यानेच टाकला. (निम्मे लोक इथे राउटरचा पत्ता ठेवतात आणि मग विंडोजला शिव्या घालतात.) आणि हो, मशीन घेताना होम एडिशन घेऊ नका, ती डोमेनला जॉइनच होत नाही, हे मी दर वर्षी कोणाला तरी सांगतोच.

सोमवारी सकाळी काकांनी फोन केला तो कागदाच्या रिमबद्दल, नेटवर्कचा विषयही काढला नाही.

जुना डबा अजून त्यांच्या माळ्यावर आहे, फेकू देत नाहीत. मी त्यातलं लॅन कार्ड तेवढं काढून आणलंय, न जाणो कोणी हौसेने लावून बघायचं.