कमरेची कळ आणि आंब्याची घळ

देवगडकडच्या एका बागायतदार काकांचे दुखणे मला उमगले ते त्यांच्या हातवाऱ्यांमुळे. वाकून काम करताना कंबर फारशी दुखत नाही, पण मागे झुकून, वर बघत हापूस उतरवायची घळ (टोकाला जाळी लावलेला लांब बांबू) धरली की थोड्याच वेळात कळ उठते, असे सांगताना ते दोन्ही हात छताकडे नेत होते. एमआरआयमध्ये मणक्यांमधली एक गादी किंचित फुगलेली होती आणि तेवढ्यावरून त्यांना शस्त्रक्रिया सुचवली गेली होती. वास्तविक पन्नाशी उलटलेल्या, अजिबात कंबर न दुखणाऱ्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही अशी गादी दिसते. शिवाय यांची कळ पायात उतरत नव्हती. मला संशय होता तो मणक्यांना मागच्या बाजूने जोडणाऱ्या छोट्या फॅसेट सांध्यांचा.

हा संशय चित्रावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी त्या सांध्यांची संवेदना वाहून नेणारे बारीक तंतू तात्पुरते बधिर करून पाहावे लागतात. सांध्यांच्या सर्वांत खालच्या दोन जोड्यांसाठी प्रत्येक बाजूला असे तीन तंतू असतात. सी-आर्म या यंत्राच्या क्ष-किरणांखाली सुई नेऊन प्रत्येकाजवळ लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध जेमतेम अर्धा मिलिलिटर सोडले आणि थोड्या वेळाने विचारले, "काका, आता दहापैकी किती दुखतंय?" उत्तर देण्याऐवजी त्यांनीच मला विचारले, "डॉक्टरांनू, हंयसर खंय बांबू गावतलो काय?"

वॉर्डबॉयने जळमटे काढायचा बांबू आणला. आवारातल्या आंब्याखाली काकांनी तो उंच धरला, फांद्यांमधून फिरवला आणि बराच वेळ खाली घेतलाच नाही. दहापैकी गुण मी नियमाप्रमाणे लिहून घेतले, परंतु माझ्या लेखी खरी तपासणी त्या बांबूने केली होती. पुढे जास्त वेळ टिकणाऱ्या बुपिव्हाकेनने चाचणी पुन्हा केली. आरामही त्या प्रमाणात लांबला, तेव्हा रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशनचा, म्हणजे सुईच्या तापवलेल्या टोकाने ते तंतू जाळण्याचा निर्णय घेतला.

ही प्रक्रिया पूर्ण भूल न देता, रुग्णाला पालथे झोपवून केली जाते. तंतू जाळण्याआधी सुईतून 2 हर्ट्झचा प्रवाह सोडतात. त्याने पाठीचा स्नायू फडफडलेला चालतो, पाय मात्र हलता कामा नये, कारण पाय हलला तर सुई पायाकडे जाणाऱ्या नसेच्या फार जवळ आहे असा अर्थ होतो. काकांचा पाय स्थिर राहिला. मग प्रत्येक ठिकाणी सुईचे टोक 80 अंश सेल्सिअसवर दीड मिनिट ठेवले.

सुरुवातीचे काही दिवस कंबर ठणकेल आणि खरा आराम पडायला दोन-तीन आठवडे लागू शकतील, याची कल्पना त्यांना दिली होती. जाळलेला तंतू पुन्हा वाढतो, त्यामुळे आराम बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो, हेही सांगितले होते. त्यावर त्यांनी लगेच पुढच्या फेब्रुवारीतली, हंगामाआधीची तारीख मागितली. वेदना परतली तरच पुन्हा करायचे, पंचांग बघून नव्हे, हे समजावताना मला प्रत्यक्ष सुई टोचण्यापेक्षा जास्त वेळ लागला.